तौगाल आजोबा सबंध घरी जातील

॥ श्री ॥

योकोहामा,
२१ सप्टेंबर २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर मी काहीही सांगितलं तरी तुम्ही ‘हो, जेवलो’ एवढंच उत्तर देता, त्यापेक्षा आपलं हे पत्रांचं बरं आहे. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवलंय असं आईनं कळवलं. कपाटाला आता छान ऐकू येत असेल.

इथे गेला आठवडा धावपळीत गेला. आमच्या संस्थेत इफानूर बेटावरचे पाहुणे आलेत. मागच्या वसंतात मी जिथे प्रवाळ मोजायला गेले होते, तेच हे बेट. मायक्रोनेशियातलं, पण नकाशात शोधू नका. माशी बसली तर झाकून जाईल एवढंच आहे. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे आणि त्या कड्यातल्या माशांवरच सगळ्या बेटाचं पोट. पाण्याखाली कुठे मोजायचं त्या जागा मी स्वतः आखून आलेय. येत्या वसंतात तिथेच पुन्हा मोजायचं, म्हणजे काय वाढलं आणि काय मेलं ते कळेल. माझी इथली नेमणूक पुढे चालू राहणार की नाही, तेही त्या मोजणीवरच ठरणार आहे. तेव्हा आईला सांगा, स्थळं बघण्याची मोहीम तोवर तहकूब ठेव.

पाहुणे दोघंच. तौगाल आजोबा ऐंशीच्या घरातले, होकायंत्राशिवाय होडी हाकणाऱ्यांतले शेवटचे. होडीच्या तळाला पाठ टेकली की खालून येणारी लाट कुठल्या दिशेची ते पाठीला कळतं म्हणतात. रोज सकाळी रोझरीची माळ ओढतात, आणि होडी पाण्यात लोटताना समुद्राला जुन्या पद्धतीची साद घालतात. तेवढ्यापुरतं तिथले पाद्री दुसरीकडे बघतात. बरोबर त्यांची भाची आहे, लेमिता. बेटावरच्या शाळेत शिकवते, माझ्याहून थोडी मोठी. त्यांच्यात घर बहिणीच्या बाजूनं चालतं. जमीन, मान, शेवटचा शब्द, मामाचं सगळं भाचीकडे. आपल्याकडे मामानं भाचीला बोहल्यावर आणून उभं केलं की त्याची सुटका.

त्या बेटावर कठीण दिवस आलेत. भरतीचं खारं पाणी अळूच्या खाचरांत शिरतं आणि कंद सडतात. सरकार म्हणतं, बेट सोडा, मोठ्या बेटावर घरं देतो. तौगाल आजोबांनी त्या साहेबांना शहाळं पाजलं आणि आपल्या आईची कबर दाखवली. ज्याची हाडं जिथे, त्याची जमीन तिथे, असं सांगून परत पाठवलं.

आणखी एक सांगते. माझे साहेब ओनोदेरा-सेन्सेई मूळचे ईशान्येच्या किनाऱ्यावरचे. २०११ च्या त्सुनामीत त्यांचे थोरले भाऊ गेले, सापडले नाहीत. ती बातमी इफानूरला रेडिओवरून पोचली तेव्हा आजोबांनी कडं बंद करायला लावलं. त्यांच्यात माणूस गेलं की त्या घरच्या बायका कड्यावर नारळाच्या झावळ्या बांधतात, मग ठरल्या मुदतीपर्यंत कुणी त्या पाण्यात उतरायचं नाही. आपल्याकडचं सुतकच म्हणा. ना ओळख ना पाळख अशा जपानी माणसांसाठी ते बेट मासळीवाचून, नुसत्या अळूच्या कंदांवर राहिलं. हे सांगताना सेन्सेई दर वेळी चष्मा पुसायला घेतात.

आता काळजीचं. आजोबांना इथली हवा मानवली नाही, न्यूमोनिया झालाय. हॉस्पिटलात आहेत. कॉटवरून त्यांनी हात करून इफानूर कुठल्या दिशेला आहे ते दाखवलं. मी मोबाइलवर ताडून पाहिलं तर अगदी बरोबर. मी त्यांची परीक्षा घेत होते हे ओळखून मिश्कील हसले.

आईला सांगा, जेवते. सगळ्यांचा लोभ आहेच, तो पावसाळ्यात बुरशी न येता टिकावा.

तुमची,
चैत्राली


॥ श्री ॥

ठाणे,
२९ सप्टेंबर २०१४

चि. चैत्रालीस,
अनेक आशीर्वाद.

कपाटाला ऐकू येतं हे खरं, पण ते तुझ्या आईसारखं उलट उत्तर देत नाही. असो.

मामाचं सगळं भाचीकडे, ही ओळ मी तुझ्या शिरीषमामाला वाचून दाखवली. त्यानं चहा अर्धा टाकला आणि त्याला एकाएकी बँकेत काम निघालं.

आमच्या इमारतीत परवा तिसऱ्या मजल्यावरचे गेले. नेहमीप्रमाणे डॉक्टरांच्या आधी मला बोलावणं. हल्लीच्या मुलांना तिरडीची गाठ मारता येत नाही, मडकं कुणी धरायचं ते माहीत नसतं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. मी सगळ्यांना खाली बसवलं आणि कामं वाटून दिली. तुझी आई म्हणते, लोकांच्या घरी तुमचा एवढा वट, घरात साधा बल्ब बदलत नाही.

तुझ्या त्या आजोबांना बरं वाटो. परमुलखात अंथरूण धरणं वाईट. देव न करो, पण काही कमीजास्त झालंच तर घाबरू नकोस. जपानात दहनाची व्यवस्था चोख असते असं विनायक सांगत होता. अग्नी दिला की माणूस मोकळा. दर्यावर्दी माणूस आहे, अस्थी समुद्रात सोडल्या तर त्याच्यासारखं भाग्य नाही.

विनायक टोकियोत हिगाशी-कसाईला राहतो, हे तुला आठवत असेलच असं नाही, म्हणून लिहितो. मोरेश्वरकाकांचा मुलगा. एवढा सख्खा चुलतभाऊ तासाभराच्या अंतरावर असून तू वर्षात एकदा जातेस.

तुझी आई खाली दोन ओळी लिहीन म्हणते. आपल्या लोभात खंड नाही, तुझ्याही नसावा.

तुझा,
बाबा

ता. क. मोहीम तहकूब नाही. एक मुलगा नागोयात मोटारीच्या कंपनीत आहे, नाव स्वानंद, शाकाहारी. नुसता फोटो बघ. आई.


योकोहामा,
७ ऑक्टोबर २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न.

वर श्री नाही, यावरून समजला असाल. तौगाल आजोबा गेले. दुपारी, लेमिताच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटी शेवटी ते लहान मुलासारखे जपानी शब्द बोलत होते, त्यांच्या बालपणी तिथे जपानी राज्य होतं तेव्हाचे.

बाबा, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. लेमिता आत त्यांना पुसून घेत होती, तेव्हा बाहेर सेन्सेईंनी मला विचारलं की यांच्यात पुढे काय करतात. मी तिला विचारायला आत गेले नाही. तुमचं पत्र पर्समध्ये होतं. मी विद्वानासारखं सांगितलं, की ही समुद्राची माणसं आहेत, इथे दहन करून अस्थी समुद्रात सोडल्या तर त्यांना आवडेल. मला ते इतकं उघड वाटलं! सेन्सेईंना हायसं वाटलं. यजमान म्हणून संस्थेनं लगोलग परवाना काढला. इथे दहनालासुद्धा रांग असते, म्हणून पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीय. तोवर आजोबा एका अंत्यविधीच्या हॉलमध्ये, कोरड्या बर्फात आहेत.

लेमिताला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्याकडूनच. ती ओरडली नाही. ती माझ्यापासून थोडी बाजूला सरकून बसली. मग तिनं सांगितलं, की त्यांच्यात ज्याला समुद्र नेतो त्याच्यासारखा अभागी नाही. त्याला जागा नसते, तो कड्याबाहेर फिरत राहतो, त्याच्यासाठी घरच्यांना जन्मभर प्रार्थना म्हणावी लागते. आणि मी नेमकं तेच भाग्य म्हणून त्यांच्यासाठी निवडलं होतं. राखेबद्दल तर त्यांच्याकडे शब्दच नाही.

त्यात आणखी एक आहे. लढाईच्या वेळी जपानी सैन्यानं आजोबांच्या वडिलांना धावपट्टी बांधायला दुसऱ्या बेटावर नेलं. ते परतले नाहीत, कुठे पुरलं तेही कुणाला ठाऊक नाही. इथे यायला निघताना आजोबांनी लेमिताकडून वचन घेतलं होतं, की आमच्या घरचा एक माणूस जपान्यांनी ठेवून घेतला, दुसरा ठेवू द्यायचा नाही. मला सबंध परत आणायचं आणि आईशेजारी पुरायचं. सरकारचे साहेब पुन्हा येतील तेव्हा त्यांना तिथे ताजी कबर दिसली पाहिजे.

मी सेन्सेईंकडे गेले आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. ते कठोर झाले नाहीत, हेच अवघड गेलं. म्हणाले, की परवाना निघालाय, शव टिकवून विमानानं न्यायचं, पुढे महिन्यातून कधीतरी निघणारं जहाज, हे सगळं फार कठीण आहे. मग हळूच दुसरी गोष्ट सांगितली. एवढ्या मानाच्या माणसाचं दफन झालं तर कडं वर्षभर बंद होईल, म्हणजे वसंतातली मोजणी गेली. राखेबद्दल तिथे नियमच नाही. राखेसाठी कडं बंद करायचं की नाही, हा त्यांचा वाद मिटेपर्यंत आपली मोजणी होऊन जाईल. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय, असंही म्हणाले. आणि बाबा, ते खरोखर माझ्या भल्याचंच सांगत होते.

मला रात्रंदिवस तेच दिसतंय. लेमिता हॉलमधून हलत नाही. कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानातले भाताचे गोळे नेऊन दिले तर खाते, पण माझ्याशी बोलत नाही. काय करू ते लिहा. लवकर लिहा.

लोभ कमी होऊ देऊ नका, आत्ता त्याची फार गरज आहे.

तुमची,
चैत्राली


॥ श्री ॥

ठाणे,
१२ ऑक्टोबर २०१४

चि. चैत्रालीस,
आशीर्वाद.

तू लवकर लिहा म्हणालीस, म्हणून शेजारच्या संजीवकडून या पत्राचा फोटो काढून तुझ्या मेलवर धाडतोय. मूळ पत्र पोस्टानं येईल तेव्हा येईल.

तू श्री गाळलास. तो आपण आपल्याच घरच्या माणसासाठी गाळतो. आई म्हणाली, पोर गोंधळली असेल. मी म्हटलं, लिहिताना हात आपोआप थांबला असेल तर तसंच राहू दे.

आधी माझं घे. अस्थी सोडण्याचं भाग्य मीच तुला लिहून पाठवलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझी आणि अर्धी तुझी. पण तुझी अर्धी मोठी, कारण तू तिथे होतीस. ज्या घरी माणूस गेलंय तिथे पाऊल टाकल्यावर मी पहिला प्रश्न एकच विचारतो: तुमच्यात कसं असतं? लिंगायतांच्या घरी माणसाला बसवून नेतात आणि दफन करतात. गोसाव्याला समाधी देतात. तान्हं मूल गेलं तर आपणसुद्धा पुरतोच. एकाच इमारतीत चार तऱ्हा असतात. ज्याचं माणूस त्याची रीत. आपण फक्त खांदा द्यायचा. तू प्रश्न विचारायच्या आधीच खांदा दिलास.

आता उपाय विचारतेस. ज्या तोंडानं चुकीचं सांगितलंस, त्याच तोंडानं बरोबर सांग, आणि ते खोलीत जाऊन हळू आवाजात नको. सगळ्यांसमोर सांग. परवाना काढला म्हणे! लग्नाचे मुहूर्त मोडतात, दहनाचा मोडायला काय झालं? अग्नी मला प्यारा आहे, मी स्वतः त्यातच जाणार आहे. पण मनाविरुद्ध कुणाला त्यात लोटायचं याला अंत्यसंस्कार म्हणत नाहीत.

नोकरीचं मला कळतं. मी पाणीखात्यात साहेबाला एकदाच नाही म्हणालो होतो, त्यानंतर मला बढती मिळाली नाही आणि तुझी आई अजून ते ऐकवते. तरीही सांगतो, उभी राहा. हलू नकोस.

विनायकला मी काही कळवलेलं नाही. तुझ्या आईनं कळवलंय, तुला समजावायला. तो आला तर त्याला कामाला लाव.

आपला लोभ पाठीशी आहे, वळून बघायची गरज नाही.

तुझा,
बाबा


योकोहामा,
१७ ऑक्टोबर २०१४

ती. बाबांना,
शि. सा. न.

तौगाल आजोबांना कुणी जाळलं नाही. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

तुमच्या पत्राचा फोटो मला ठरलेल्या दिवसाच्या आदल्या सकाळी मिळाला. मी तो लेमिताला इंग्रजीत वाचून दाखवला, श्री गाळण्यापासून बढतीपर्यंत. ती तिथल्या तिथे माझ्या जवळ सरकली आणि तिनं तुमच्या आईवडिलांची नावं विचारली. मी सांगितली. मग आम्ही दोघी कामाला लागलो.

आम्ही जवळच्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या प्रार्थनेला फिलिपिन्सच्या बायका येतात, इथल्या वृद्धाश्रमांत आणि हॉटेलांत काम करणाऱ्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फार विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून, डबे घेऊन दहाबारा जणी हॉलवर हजर झाल्या आणि शवपेटीभोवती बसून रोझरी म्हणू लागल्या. लेमितानं पेटीवर तळहात ठेवला तो काढला नाही. तिच्या खांद्यावर त्यांच्या बायका विणतात तसं पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र होतं. ते आजोबांवर घालायचं आहे, कबरीतच, असं तिनं मला सांगितलं होतं.

विनायकदादा ऑफिसचा सूट घालून आला. मला बाहेर घेऊन म्हणाला, की परक्या देशात असा तमाशा करू नये, कंपनीत काय, संस्थेत काय, इथे लोक हे विसरत नाहीत. मी म्हटलं, दादा, तुझं सगळं बरोबर आहे, आता त्या दाराच्या दुसऱ्या बाजूला उभा राहा. तो उभा राहिला. मला वाटतं त्याला स्वतःलाही कळलं नाही कसं ते. दमयंतीवहिनीनं दिलेला पोळीभाजीचा डबा त्यानं एका फिलिपिनो आजींना देऊन टाकला.

गाडी आली. ड्रायव्हरनं वाकून नमस्कार केला, आम्हीही केला. तो म्हणाला, वेळ झाली. मी दारातच उभी राहून जपानीत मोठ्यानं सांगितलं, की ही व्यवस्था माझ्या सांगण्यावरून झाली, मी चुकीचं सांगितलं होतं, यांच्या घरच्यांना न विचारता सांगितलं होतं, आणि यांना इथून कुणी नेणार नाही. संस्थेच्या कचेरीतले एक गृहस्थ मला अतिशय सभ्य शब्दांत सांगत होते, की याची नोंद घ्यावी लागेल. मी म्हटलं, घ्या. ड्रायव्हरनं पुन्हा वाकून नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसला.

मग सेन्सेई आले. पेटीसमोर उभे राहिले आणि मग लेमिताला म्हणाले, की माझ्या भावाची मला चिमूटभर राखसुद्धा मिळाली नाही. ती मिळाली असती तर मी जन्मभर ऋणी राहिलो असतो. तुम्हाला राख मिळतेय, मान मिळतोय, आणि तरी तुम्ही हट्ट धरता. बाबा, त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

लेमिता बसल्या जागेवरून बोलली, तळहात न काढता. ती म्हणाली, की तुमच्या भावाला जागा मिळाली नाही म्हणून आम्ही आमचं कडं बंद केलं. हे आजोबा मासळीवाचून राहिले, मी राहिले, माझ्या वर्गातली मुलं राहिली. तो कोण, कुठला, आम्ही विचारलं नाही. आज तुमच्याकडे आमचा माणूस आहे आणि त्याला घर आहे, जागा आहे, आईशेजारची. ज्याला जागा आहे त्यालाही तुम्ही बिनजागेचा का करता?

सेन्सेई खाली बसले. चष्मा पुसायला काढला आणि पुसलाच नाही. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतः फोन करून दहन रद्द केलं, ड्रायव्हरला माफी मागून परत पाठवलं, आणि कचेरीतल्या गृहस्थांना सांगितलं की आता नोंद घ्यायचीच तर माझी घ्या.

आता आजोबांचं शरीर टिकवण्याचं काम इथले जाणकार करताहेत. मग चर्चमध्ये मुक्काम, मग विमान, मग जहाज. लेमिता बरोबर जाईल. वसंतातली मोजणी गेली असं धरूनच चाललेय. वाईट वाटतंय, खोटं कशाला सांगू? पण काल बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

लोभ आहे तसाच ठेवा. तुमच्या पत्राची फोटोप्रत लेमितानं मागून घेतलीय, मराठीतलीच.

तुमची,
चैत्राली


॥ श्री ॥

ठाणे,
३ नोव्हेंबर २०१४

चि. चैत्राली,
अनेक आशीर्वाद.

या खेपेला पत्र मी लिहितेय, कारण तुझे बाबा इमारतीत मजल्यामजल्यावर तुझं पत्र वाचून दाखवत फिरताहेत. यंत्रसुद्धा कपाटातून काढून कानाला लावलंय, लोक काय म्हणतात ते ऐकायला. मला विचारशील तर तुम्हा बापलेकीला एकाच साच्यातून काढलंय. त्यांची बढती गेली, तुझी नोकरी जाईल, आणि मी मेली दोघांच्या मागे भांडी घासत बसेन.

आधी मी चिडले होते. विनायकला मीच पाठवलं होतं. तो परत गेला तो दमयंतीला म्हणाला, की त्या दारात उभं राहिल्यावर मला तिथून हलताच येईना. त्यांच्या अद्वयनं शाळेत जपानीत निबंध लिहिला म्हणे, माझ्या बाबांनी मेलेल्या आजोबांना वाचवलं. आता या पोराला काय सांगायचं?

मग मी ते वस्त्राचं वाचलं. कबरीतच घालायचं म्हणून इतक्या लांब बरोबर आणलेलं. म्हातारा माणूस प्रवासाला निघाला की बाई काय काय मनात धरून सामान बांधते, ते मला कळतं. त्यापुढे चिडले नाही. त्या मुलीला माझ्याकडून सांग, तिनं बरोबर केलं.

मागची दिवाळी माझ्या मनातून गेली नाही, तू आली नव्हतीस. पार्सलमध्ये चकल्या आहेत, तुटल्या असतील तरी खा. स्वानंदला मी नाही कळवलं. जो मुलगा फोटोतसुद्धा मोटारीला टेकून उभा राहतो त्याचं काय करायचं?

लोभ कधी आटणार नाही, पण जरा तब्येतीलाही जप.

तुझी,
आई


योकोहामा,
२२ फेब्रुवारी २०१५

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

लेमिताचा निरोप आला. बेटावर रेडिओ आहे, तो मोठ्या बेटापर्यंत बोलतो, आणि तिथल्या मठातल्या एका सिस्टर निरोप मेलवर लिहून पाठवतात. म्हणून उशीर झाला.

आजोबा सबंध घरी पोचले. जहाज कड्याबाहेर थांबलं आणि बेटावरच्या होड्या त्यांना आणायला गेल्या. पाद्रींनी प्रार्थना म्हटली, मग म्हाताऱ्यांनी समुद्राला जुनी साद घातली, आणि या वेळी पाद्री दुसरीकडे न बघता तिथेच उभे राहिले. कबर आईशेजारी, अळूच्या खाचरांच्या अगदी काठावर, जिथे खारं पाणी चढतं तिथेच खणली. लेमितानं कळवलंय, की पाण्याला वर यायचं असेल तर आता त्यांना ओलांडून यावं लागेल, आणि साहेबांनाही. घरं देणारे साहेब पुन्हा येऊन गेले. बेटावरच्या एकाही घरानं नाव दिलं नाही.

मग घरच्या बायकांनी झावळ्या बांधल्या. कडं बंद झालं.

आता माझं. संस्थेनं इफानूरच्या पंचांकडे विनंती केली होती, की मोजणीसाठी थोडी सवलत मिळावी. मला वाटलं होतं ते नाहीच म्हणतील. पण पंच समजूतदार निघाले. म्हणाले, परक्या माणसांना आमचं सुतक लागू नाही. दोन सकाळी उतरा, मोजा आणि जा. कचेरीत आनंदीआनंद. सेन्सेईंनी मला बोलावून निरोप वाचून दाखवला आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

शेवटी लिहिलं होतं, की चैत्रालीला मात्र उतरता येणार नाही. ती दारात उभी राहिली तेव्हापासून ती तौगालच्या घरची आहे. घरच्या बाईनं कडं मोडायचं नसतं.

पाण्याखालच्या त्या जागा ओळखणारी मी एकटीच आहे. मी नाही तर मोजणी नाही, आणि मोजणी नाही तर मार्चनंतर माझी नेमणूक नाही. कचेरीतल्या त्याच सभ्य गृहस्थांनी वाट सुचवली. पंचांना एका ओळीचं पत्र लिहावं, की मी संस्थेची कर्मचारी म्हणून तिथे हजर होते, त्या घराशी माझं नातं नाही. त्यात खोटं असं काही नाही, असंही म्हणाले. सेन्सेई खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मला लिही असं सांगितलं नाही आणि लिहू नको असंही नाही.

दोन दिवस गेले. बाबा, मी काही मोठी शूर नाही. मी त्या प्रवाळावर किती वर्षं घालवलीत ते तुम्हाला माहीत आहे. कोऱ्या कागदासमोर बसले की ती ओळ आपोआप सुचायची, इतकी ती सोपी होती.

काल पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, की निरोप मिळाला, तो मान्य आहे. मी तौगालच्या घरची आहे. कडं उघडेपर्यंत मी त्या पाण्यात उतरणार नाही, आणि माझ्या जागा दुसऱ्या कुणाला दाखवणारही नाही. खाली सही केली आणि कचेरीत त्या गृहस्थांच्याच हातात दिलं, पाठवून द्या म्हणून. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला विचारलं की याचा परिणाम समजतोय ना. मी म्हटलं, समजतो, आमच्या घरी माणूस गेलंय.

पुढच्या महिन्यात सामान बांधायचंय. दुसरीकडे अर्ज केलेत, बघू. नाहीच जमलं तर ठाण्याला येईन.

लोभ दोन्ही घरचा असू द्यावा.

तुमची मुलगी आणि तौगाल आजोबांची भाची,
चैत्राली